मितभाषी नायक : गॅरी कूपर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य भागात मॉन्टाना नावाचे एक विस्तीर्ण राज्य आहे. उंच पर्वतांच्या रांगा, दूरवर पसरलेली गवताळ कुरणे आणि त्यांमधून वाहणारी मिसूरी नदी असा हा प्रदेश. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या शोधार्थ निघालेले लोक येथे येऊन राहिले. त्यांच्या मागोमाग गुरांचे मोठमोठे कळप पाळणारे लोक आले. घोड्यावर बसून हे कळप राखणाऱ्या गुराख्यांना अमेरिकेत काऊबॉय म्हणतात. नव्याने वसलेली गावे, दूर असलेले न्यायालय आणि कायद्यापेक्षा पिस्तुलावर अधिक विश्वास ठेवणारे लोक, अशा त्या काळाच्या कथा पुढे चित्रपटांतून दाखविल्या जाऊ लागल्या. अमेरिकेच्या पश्चिम भागातील कथा सांगणारे म्हणून या चित्रपटांना वेस्टर्न असे नाव पडले. आजवर शेकडो नटांनी असे चित्रपट गाजविले; परंतु त्यांपैकी फारच थोड्यांची नावे लोकांच्या स्मरणात टिकली. त्या थोड्यांमध्ये गॅरी कूपर याचे स्थान फार वरचे आहे.

त्याचे मूळ नाव फ्रँक जेम्स कूपर. मॉन्टाना राज्याची राजधानी हेलेना येथे ७ मे १९०१ रोजी त्याचा जन्म झाला. त्याचे वडील चार्ल्स आणि आई ॲलिस ही दोघेही इंग्लंडमधून अमेरिकेत आलेली. वडील वकिली करीत. पुढे ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. हेलेनापासून सुमारे ५० मैलांवर त्यांनी ६०० एकरांचे एक कुरण विकत घेतले होते. सुट्टी लागली की फ्रँक आणि त्याचा थोरला भाऊ आर्थर तेथे जाऊन राहत. घोड्यावर मांड ठोकणे, नदीत मासे धरणे, गुरांमागे हिंडणे यांत त्यांचे दिवस कसे निघून जात, ते त्यांना कळतही नसे. मुले अगदीच रांगडी होत चालली, हे पाहून आईला मात्र काळजी वाटू लागली. तिने दोघांनाही इंग्लंडमध्ये डन्स्टेबल येथील शाळेत घातले. १९०९ ते १९१२ पर्यंत फ्रँक तेथे शिकला. अशा रीतीने कुरणावरचा मोकळेपणा आणि इंग्लंडमधील शाळेची शिस्त, असे दोन्ही संस्कार त्याच्यावर बालपणीच झाले.

पंधराव्या वर्षी त्याच्यावर एक संकट ओढवले. मोटारीच्या अपघातात त्याच्या कमरेच्या सांध्यास जबर दुखापत झाली. घोड्यावर बसण्याचा व्यायाम केल्यास सांधा सुधारेल, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. तो सल्ला योग्य नव्हता. फ्रँक वेदना सोशीत घोडदौड करीत राहिला. परंतु त्याची चाल कायमची काहीशी ताठर व तिरकी झाली आणि घोड्यावरची त्याची बैठकही एका बाजूस कललेली दिसू लागली. पुढे पडद्यावर त्याची ती चाल पाहून प्रेक्षकांना तो अस्सल काऊबॉयचा डौल वाटे. वस्तुतः ते एका जुन्या दुखण्याचे चिन्ह होते.

पहिले महायुद्ध चालू असताना कुरणावर काम करावयास माणसे मिळेनात. तेव्हा शाळा सोडून फ्रँकला सुमारे ५०० गुरांची देखभाल करावी लागली. युद्ध संपल्यावर तो बोझमन येथील माध्यमिक शाळेत दाखल झाला. तेथे आयडा डेव्हिस नावाच्या एक शिक्षिका होत्या. वयाने वाढलेल्या या लाजाळू मुलातील गुण त्यांनी ओळखले. त्याने वादविवादात आणि नाटकांत भाग घ्यावा, तसेच महाविद्यालयातही जावे, असा त्यांनी आग्रह धरला. आपण शिक्षण पुरे करू शकलो ते या बाईंमुळेच, ही कृतज्ञता कूपरच्या मनात कायम राहिली. परंतु नट होण्याचा विचार तेव्हा त्याच्या मनात नव्हता. त्याला चित्रकार व्हावयाचे होते. आयोवा राज्यातील ग्रिनेल महाविद्यालयात तो चित्रकला शिकला आणि गावी परतल्यावर तेथील वर्तमानपत्रासाठी त्याने व्यंगचित्रेही काढली.

१९२४ साली त्याचे आईवडील कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस या शहरी राहावयास गेले. फ्रँकही त्यांच्यामागून तेथे गेला. चित्रकार म्हणून काम मिळेना आणि लहानसहान नोकऱ्यांत जम बसेना. एके दिवशी मॉन्टानातील दोन मित्र त्याला भेटले. चित्रपटांत घोडेस्वारांची गरज असते आणि त्याचे रोज पैसे मिळतात, हे त्यांनी त्याला सांगितले. घोडेस्वारी तर त्याच्या अंगवळणीच पडली होती. तो त्या कामावर रुजू झाला. दिवसभर घोडा पिटाळला की पाच डॉलर मिळत. घोड्यावरून कोसळण्यासारखे धोक्याचे काम केले की त्याहून अधिक मिळत. गर्दीत मिसळून जाणाऱ्या अशा शेकडो स्वारांपैकी तो एक होता. पडद्यावर त्याचे नाव येत नसे, मुद्राही धड दिसत नसे. फ्रँक कूपर या नावाचे आणखीही नट त्या धंद्यात होते. म्हणून नॅन कॉलिन्स या बाईंनी त्याला नवे नाव सुचविले. त्या इंडियाना राज्यातील गॅरी या गावच्या होत्या. तेव्हापासून फ्रँकचा गॅरी झाला.

१९२६ साली त्याच्या नशिबाने उचल खाल्ली. दि विनिंग ऑफ बार्बरा वर्थ या मूकपटात एका महत्त्वाच्या भूमिकेसाठी ठरलेला नट वेळेवर येऊ शकला नाही आणि ती भूमिका गॅरीला मिळाली. पुढच्याच वर्षी विंग्ज या चित्रपटात तो एका वैमानिकाच्या भूमिकेत चमकला. हा प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा. परंतु लोक त्या उंच तरुणाला विसरले नाहीत. त्यानंतर थोड्याच काळात मूकपटांचे युग संपले आणि पडदा बोलू लागला. नाटकी हावभाव करणाऱ्या अनेक नटांची या बदलामुळे तारांबळ उडाली. कूपरला मात्र हा बदल मानवला. १९२९ साली आलेला दि व्हर्जिनियन हा त्याचा पहिला संपूर्ण बोलपट. त्यात तो थोडे बोलला आणि तेही साध्या, संथ आवाजात. शब्द कमी असले की प्रत्येक शब्दाचे वजन वाढते, हे प्रेक्षकांना त्याच्यामुळे प्रथमच जाणवले.

कूपरच्या अभिनयाची रीत निराळी होती. चित्रण चालू असताना पाहणाऱ्यांना वाटे की, हा तर काहीच करीत नाही; नुसता उभा आहे. नवे दिग्दर्शक यामुळे चिंतेत पडत. परंतु चित्रित केलेला भाग दुसऱ्या दिवशी पडद्यावर पाहिला की ते थक्क होत. रंगभूमीवरच्या नटाला शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत आपला भाव पोहोचवावा लागतो. कॅमेरा मात्र नटाच्या अगदी जवळ येतो. पापणी किंचित लवली, ओठ थोडेसे आवळले, तरी ते पडद्यावर मोठे होऊन दिसते. कूपरने हे मर्म ओळखले होते. तो भाव दाखवीत नसे. तो मनात आणी आणि कॅमेऱ्यास तो टिपू देई.

कीर्ती आली, तसा कामाचा भारही वाढला. एकामागून एक चित्रपट करता करता १९३१ साली त्याची प्रकृती पार ढासळली. रक्तक्षय आणि कावीळ यांनी तो खंगला. तेव्हा सर्व काम सोडून तो युरोपात व तेथून पूर्व आफ्रिकेत गेला. मोकळ्या हवेत राहून बरा झाल्यावर, १९३२ साली तो परत आला. त्यानंतरच्या वर्षांत त्याच्या अभिनयास खरी प्रगल्भता आली. १९४१ साली त्याने सार्जंट यॉर्क या चित्रपटात ॲल्व्हिन यॉर्क याची भूमिका केली. हा यॉर्क टेनेसी राज्यातील डोंगराळ भागातला एक खराखुरा शेतकरी होता. हत्या करणे हे पाप आहे, अशी त्याची श्रद्धा होती. तरीही पहिल्या महायुद्धात त्याने मोठा पराक्रम गाजविला. आपली भूमिका कूपरनेच करावी, अशी यॉर्कची इच्छा होती. या भूमिकेबद्दल कूपरला उत्कृष्ट नटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९४२ साली त्याने लू गेरिग या थोर बेसबॉलपटूचे काम केले. असाध्य रोगाने जर्जर झालेल्या गेरिगने १९३९ साली हजारो लोकांसमोर खेळाचा निरोप घेतला होता. त्याचे ते भाषण चित्रपटाच्या शेवटी येते.

या भूमिकेमुळे पुढे एक हृद्य प्रसंग घडला. दुसऱ्या महायुद्धात कूपर वयामुळे आणि कमरेच्या दुखण्यामुळे सैन्यात जाऊ शकला नाही. परंतु १९४३ च्या अखेरीस सैनिकांच्या करमणुकीसाठी तो पॅसिफिक महासागरातील बेटांवर हिंडला. न्यू गिनीमध्ये असताना, भर पावसात बसलेल्या सैनिकांनी त्याच्याकडे गेरिगच्या निरोपाच्या भाषणाची मागणी केली. त्याने थोडा वेळ मागून घेतला, आठवून आठवून ते भाषण कागदावर उतरविले आणि मग ते म्हणून दाखविले. उद्या आपण जिवंत असू की नाही, हे ऐकणाऱ्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. मरण समोर दिसत असताही स्वतःस भाग्यवान मानणाऱ्या त्या खेळाडूचे शब्द ऐकताना सर्वत्र शांतता पसरली. त्यानंतर जेथे जेथे तो गेला, तेथे तेथे सैनिकांनी त्याच भाषणाची मागणी केली.

कूपरने आपल्या आयुष्यात ८० हून अधिक चित्रपटांत भूमिका केल्या. परंतु आज त्याचे नाव निघाले की प्रथम आठवतो तो १९५२ साली प्रदर्शित झालेला हाय नून हा चित्रपट. हाय नून म्हणजे भर माध्यान्ह. त्याचा दिग्दर्शक फ्रेड झिनेमन आणि लेखक कार्ल फोरमन. या चित्रपटात कूपरने विल केन या मार्शलची भूमिका केली आहे. गावात कायदा व शांतता राखणाऱ्या अधिकाऱ्यास तेथे मार्शल म्हणत. केनचा विवाह नुकताच झालेला असतो. त्याने आपले पद सोडलेले असते आणि तो पत्नीसह गाव सोडून निघणार असतो. इतक्यात बातमी येते की, त्यानेच पूर्वी पकडून दिलेला एक खुनी दरोडेखोर सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने सूड घ्यावयास येत आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर येऊन थांबलेही आहेत. सर्वजण केनला निघून जाण्याचा सल्ला देतात. तो निघतोही; पण अर्ध्या वाटेवरून परत फिरतो.

पुढची कथा पिस्तुलांची नाही, घड्याळाची आहे. चित्रपट सुमारे ८५ मिनिटांचा आहे आणि कथेत जवळजवळ तेवढाच वेळ जातो. भिंतीवरचा काटा पुढे सरकत असतो आणि केन साहाय्यासाठी दारोदार हिंडत असतो. न्यायाधीश सामान आवरून निघून जातो. एक मित्र घरात असूनही आपण घरी नसल्याचे पत्नीकडून सांगवितो. प्रार्थनामंदिरात जमलेले प्रतिष्ठित लोक पुष्कळ चर्चा करतात आणि अखेर तूच निघून जा, असे त्यालाच सुचवितात. मदतीस येतो तो केवळ एक लहान मुलगा आणि एक दारूच्या आहारी गेलेला माणूस. केन त्या दोघांनाही परत पाठवितो. मग कचेरीत एकटाच असताना तो आपले डोके मेजावर टेकतो. नायक असा खचलेला दाखविणे, हे त्या काळच्या प्रेक्षकांना नवीन होते. काही क्षणांनी तो उठतो, मृत्युपत्र लिहितो आणि ओस पडलेल्या रस्त्यावर एकटाच चालू लागतो. अखेरीस रक्तपाताचा तिटकारा असलेली त्याची पत्नीच त्याच्या साहाय्यास धावून येते. दरोडेखोर मारले जातात. तेव्हा कोठे सारा गाव बाहेर येतो. केन एक शब्दही बोलत नाही. तो छातीवरचा मार्शलचा बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि निघून जातो.

या चित्रपटाच्या वेळी कूपर ५० वर्षांचा होता. पोटातील व्रणामुळे आणि कमरेच्या दुखण्यामुळे तो हैराण होता. दिग्दर्शकाने त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या लपविल्या नाहीत. त्यामुळे केनच्या मुद्रेवर दिसणारा थकवा आणि वेदना यांत पुष्कळसे खरे होते. केन घाबरलेला आहे, हे पाहणाऱ्याला स्पष्ट दिसते. तरीही त्याचे पाय मागे फिरत नाहीत. ज्याला भीती ठाऊकच नाही त्याचे धैर्य पाहून आपण आश्चर्य करतो. पण भीती वाटत असूनही जो कर्तव्य सोडीत नाही, तो आपल्याला आपल्यापैकी वाटतो. कूपरची ही भूमिका चिरंजीव झाली, त्याचे मुख्य कारण हेच होय.

पडद्यामागेही त्या वेळी एक कसोटीचा प्रसंग चालू होता. अमेरिकेत साम्यवादी असल्याच्या संशयावरून अनेक लेखकांची व कलावंतांची चौकशी करण्यात येत होती. १९४७ साली कूपर स्वतः या चौकशी समितीपुढे गेला होता. त्याने साम्यवादाला विरोध दर्शविला. पण कोणाचेही नाव सांगून त्यास अडचणीत आणले नाही. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये, हाय नूनचे चित्रण चालू असतानाच, कार्ल फोरमनला समितीपुढे बोलाविण्यात आले. त्याने आपल्या सोबत्यांची नावे सांगण्याचे नाकारले. असे करणाऱ्यास चित्रपटांत काम मिळणे बंद होई. जुने स्नेही फोरमनला टाळू लागले. कूपरची मते त्याच्याहून निराळी होती. तरीही तो त्याच्या बाजूने उभा राहिला आणि त्याच्या नव्या कंपनीत भागीदार होण्यासही तयार झाला. परंतु धंद्यातील बड्या लोकांचे व वर्तमानपत्रांचे दडपण इतके वाढले की, अखेर कूपरला भागीदारीतून माघार घ्यावी लागली. फोरमनला देश सोडून इंग्लंडमध्ये जावे लागले. तथापि, त्याने कूपरला दोष दिला नाही. संकटकाळी कूपरने आपल्याला साथ दिली, हे तो विसरला नाही. केनसारखे अखेरपर्यंत उभे राहणे किती कठीण असते, याचा अनुभव खुद्द केनची भूमिका करणाऱ्यालाही आला, तो असा.

हाय नून सर्वांनाच रुचला असे नाही. वेस्टर्न चित्रपटांचा दुसरा विख्यात नट जॉन वेन याला तो मुळीच आवडला नाही. खरा मार्शल लोकांच्या दारात मदत मागत फिरत नाही, असे मत दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स याचे होते. म्हणून या दोघांनी १९५९ साली रिओ ब्राव्हो हा चित्रपट काढून त्याला एक प्रकारे उत्तर दिले. गमतीची गोष्ट अशी की, हाय नूनबद्दल कूपरला दुसरे ऑस्कर पारितोषिक मिळाले, त्या समारंभास तो हजर नव्हता. त्याच्या वतीने ते स्वीकारले जॉन वेननेच. मतभेद असूनही मैत्री राखता येते, याचे हे उदाहरण होय.

१९६० साली कूपरला कर्करोगाने गाठले. दुखणे बरे होणार नाही, हे कळल्यावरही त्याने ते शांतपणे स्वीकारले. १९६१ च्या एप्रिलमध्ये त्याच्या एकंदर कार्याबद्दल त्याला खास ऑस्कर देण्यात आले. ते घ्यावयास त्याचा मित्र जेम्स स्ट्युअर्ट गेला. बोलताना त्याचा कंठ दाटून आला आणि कूपरचा अंत जवळ आला आहे, हे लोकांना उमगले. १३ मे १९६१ रोजी, साठावा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले असताना, कूपरचे निधन झाले.

त्यानंतर २८ वर्षांनी त्याची ती चालणारी आकृती एका दूरच्या देशात पुन्हा प्रकट झाली. पोलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर एकाच पक्षाची सत्ता चालत आली होती. १९८० साली तेथील कामगारांनी सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र संघटना स्थापन केली. सरकारने पुढे तिच्यावर बंदी घातली, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. पण लोकांचा निर्धार मोडला नाही. अखेर ४ जून १९८९ रोजी काही जागांसाठी मोकळी निवडणूक घेण्याचे ठरले. लोक भय सोडून मतदानास येतील काय, हा प्रश्न होता. तेव्हा टोमाश सार्नेत्स्की या तरुण चित्रकाराने एक भित्तिपत्रक तयार केले. त्यावर मार्शल केनच्या वेषातील कूपर रस्त्यावरून चालत येताना दाखविला होता. छातीवर सॉलिडॅरिटीचा बिल्ला होता आणि हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका होती. खाली चित्रपटाचे पोलिश नाव आणि निवडणुकीची तारीख एवढेच लिहिले होते. अधिक काही सांगण्याची आवश्यकता नव्हती. त्या निवडणुकीत वरिष्ठ सभागृहाच्या १०० जागांपैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने जिंकल्या.

चित्रपटांचे तंत्र बदलले, पडदे मोठे झाले, कूपरच्या काळचे कितीतरी शूर नायक विस्मरणात गेले. पण कमरेच्या दुखण्याने किंचित तिरका चालणारा, घामाने डबडबलेला आणि मनातून घाबरलेला तो उंच माणूस अजून रस्त्याच्या मधोमध चालतो आहे. ज्यांना कठीण कामासाठी एकट्याने घराबाहेर पडावे लागते, त्यांना तो आपला सोबती वाटतो.